विहिरीत डेपोचं पाणी उतरलंय का? रेझिस्टिव्हिटी सर्वेक्षण काय दाखवतं आणि काय दाखवू शकत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावाच्या वरच्या अंगाला अर्ध्या किलोमीटरवर नगरपरिषदेचा कचरा डेपो आहे. पंधरा-सोळा वर्षं तिथं उघड्यावर कचरा पडतोय. गेल्या दोन उन्हाळ्यांत ओढ्याकाठच्या दोन विहिरींचं पाणी मचूळ झालं, त्याला वास येतो, हंड्यात रात्रभर ठेवलं की वर तांबूस साय धरते. एका कंपनीनं ग्रामपंचायतीला रेझिस्टिव्हिटी सर्व्हेचं दरपत्रक दिलंय. दहा ठिकाणी चाचण्या, आठ दिवसांत अहवाल, आणि 'प्रदूषण कुठवर पसरलंय ते नकाशावर दाखवू' अशी हमी. हे पैसे घालावेत का, आणि तो अहवाल सुनावणीत टिकेल का?

आधी उत्तर देतो. पद्धत चांगली आहे आणि तुमच्या कामाची आहे, पण हे दरपत्रक आहे तसं घेऊ नका. दहा सुट्या चाचण्यांवरून कुणीही लीचेटचा नकाशा काढू शकत नाही. कचऱ्यातून निथळणाऱ्या त्या काळ्या पाण्याला आम्ही लीचेट म्हणतो. सर्वेक्षण तुम्हाला 'इथं खणून बघा' एवढंच सांगतं. खणल्यावर हाती आलेलं पाणी काय आहे, ते प्रयोगशाळा सांगते. हा क्रम उलटला की पैसे वाया जातातच, शिवाय समोरचा वकील अहवाल पाच मिनिटांत मोडून काढतो.

आता कारणं. जमिनीत एका ओळीत चार सळ्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज सोडायची आणि आतल्या दोन सळ्यांच्या मध्ये किती व्होल्टेज पडतं ते मोजायचं. समजा प्रत्येक दोन सळ्यांत १० मीटर अंतर आहे, प्रवाह १०० मिलिअँपियर सोडला आणि आत १६ मिलिव्होल्ट मिळाले. भागाकार आला ०.१६ ओहम. त्याला दोन पाय (पाय म्हणजे गणितातला ३.१४) गुणिले १०, म्हणजे ६२.८ नं गुणलं की १० ओहम-मीटर. ही झाली त्या जागेची भासमान रोधकता. रोधकता म्हणजेच रेझिस्टिव्हिटी, जमीन विजेला किती अडवते त्याचं माप; भासमान अशासाठी की खालचे सगळे थर मिळून हा एक आकडा येतो. समान अंतराची ही रचना फ्रँक वेनर यांच्या नावानं ओळखली जाते, १९१५ सालची. कॉनराड श्लुंबर्जे यांनी फ्रान्समध्ये जमिनीत वीज सोडून मोजमापं घ्यायला सुरुवात केली ती त्याच्याही आधी, १९१२ मध्ये. आपल्याकडे बोअरचा पॉइंट द्यायला येणारे लोक जी मशीन आणतात, तिच्यामागे हेच तत्त्व आहे. सळ्यांतलं अंतर वाढवत नेलं की प्रवाह अधिकाधिक खोल उतरतो, म्हणून वरून न खणता खालचा अंदाज येतो.

कोरडा खडक विजेला अडवतो. वीज वाहते ती मुख्यतः खडकाच्या भेगांतल्या आणि छिद्रांतल्या पाण्यातून, आणि त्या पाण्यात जितके क्षार जास्त तितकी ती सहज वाहते. पाण्याची वाहकता मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये मोजतात. १०,००० ला त्या आकड्यानं भागलं की त्या पाण्याची रोधकता ओहम-मीटरमध्ये मिळते. ७०० वाहकतेचं चांगलं विहिरीचं पाणी म्हणजे साधारण १४ ओहम-मीटर. डेपोच्या पायथ्याशी साचलेल्या काळ्या डबक्यात मीटर बुडवला की आकडा सहज १०,००० च्या वर जातो, म्हणजे रोधकता १ ओहम-मीटर किंवा त्याहून कमी. एवढा फरक असल्यामुळेच ही पद्धत चालते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या कचराभूमींभोवती अशी सर्वेक्षणं झाली, त्यावरचा लेख १९६८ सालचा आहे. म्हणजे तंत्र नवीन नाही.

अडचण सुरू होते ती खडकात. छिद्रांतलं पाणी आणि खडकाची रोधकता यांचं नातं आर्ची यांनी १९४२ मध्ये मांडलं, पण ते स्वच्छ वाळूच्या खडकासाठी. वाळूत चिकणमाती नसते. जिथं चिकणमाती आहे तिथं मातीच्या कणांच्या पृष्ठभागावरूनच वीज वाहते, पाणी गोडं असलं तरी. आणि आपल्या काळ्या मातीत चिकणमातीच भरलेली आहे. भिजलेली काळी माती ३ ते १० ओहम-मीटर दाखवते. लीचेट भिनलेला मुरूमही तेवढंच दाखवतो. मशीनला दोन्ही सारखेच.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका तालुक्याच्या गावाजवळ डेपोच्या खालच्या बाजूला मी सर्वेक्षण केलं. डेपोपासून ओढ्यापर्यंत कमी रोधकतेचा सलग पट्टा आला, नकाशावर गडद निळा, जवळजवळ चारशे मीटर लांब. मी तो लीचेटचा पट्टा म्हणून लिहून दिला. त्या अहवालावरून ओढ्याकाठच्या वस्तीच्या दोन विहिरी बंद झाल्या आणि पूर्ण उन्हाळा त्या लोकांनी टँकरचं पाणी भरलं. पुढं निधी आला, माझ्याच रेषेवर तीन बोअर घेतले. डेपोपासून ६० मीटरवरच्या बोअरमध्ये वास मारणारं पाणी लागलं, ते बरोबर होतं. ३०० मीटरवरच्या बोअरमध्ये वरून सात मीटर काळी माती, खाली पिवळी चिकट माती आणि पाण्याची वाहकता ९००. चांगलं पाणी होतं. निळा पट्टा ओढ्यानं आणून टाकलेल्या गाळाचा होता. वस्तीतल्या एका आजींनी मला विचारलं, "मग आमची हीर चांगली व्हती व्हय?" मी हो म्हणालो. त्यानंतर माझ्या कुठल्याही अहवालात बोअरच्या किंवा विहिरीच्या नमुन्याशिवाय 'लीचेट' हा शब्द मी लिहिलेला नाही. 'कमी रोधकतेचा पट्टा' एवढंच लिहितो.

काळ्या मातीसारखाच धोका चोपण आणि क्षारपड जमिनीचा. उसाच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं भरमसाट पाणी देऊन जमिनी फुटल्यात, वर पांढरी खपली धरते. तिथली रोधकता लीचेटसारखीच पडते. तुमच्या आणि डेपोच्या मध्ये असं रान असेल तर सर्वेक्षण करणाऱ्याला आधीच दाखवा.

लीचेट कुठून जाईल याचा विचार मशीन उतरवण्याआधी करायचा असतो. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग दख्खनच्या बेसाल्टचा आहे, तुमचं गावही त्यातच असणार. विहीर खणलेल्या माणसाला हे थर तोंडपाठ असतात. वर माती, मग मुरूम, मग भेगाळलेला खडक, खाली काळा पाषाण, कुठं कुठं मधे मांजऱ्या म्हणजे छिद्रांत पांढरे खडे भरलेला मऊ खडक, आणि दोन लाव्हा प्रवाहांच्या सांध्यात तांबड्या गेरूसारखा बोलचा थर. मुरमात पाणी भरलेलं असेल तर साधारण २० ते ५० ओहम-मीटर, भेगाळलेल्या खडकात त्याहून जास्त, आणि अखंड काळ्या पाषाणात शंभराच्या पुढं, कित्येकदा काही शे. बोलचा थर मात्र मातकट असल्यानं पुन्हा कमी दाखवतो, तोही फसवतो.

उन्हाळ्यात डेपोच्या खालची काळी माती भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या वळवात ढिगातून निथळलेलं पाणी त्या भेगांतून सरळ मुरमात उतरतं. नंतर माती फुगते आणि भेगा मिटतात, पण तोवर वर्षाचा मोठा वाटा खाली गेलेला असतो. मुरमातून ते काळ्या पाषाणाच्या माथ्यावर टेकतं आणि तिथून त्या माथ्याच्या उतारानं आडवं सरकतं. हा उतार वरच्या जमिनीच्या उतारासारखाच असेल असं नाही. पाषाणाच्या माथ्यात पूर्वीच्या ओढ्याची घळ बुजलेली असेल तर लीचेट त्या घळीतून जातं आणि दोन शेतं सोडून तिसऱ्या विहिरीत उगवतं. मधे डाइक म्हणजे उभी पाषाणाची भिंत असली तर कधी ती अडवते, तर कधी तिच्या कडेच्या भेगांतून पाणी लांबवर जातं. म्हणून जवळची विहीर चांगली आणि लांबची बिघडलेली हे आपल्याकडे सर्रास घडतं. लोकांना ते खोटं वाटतं, अधिकाऱ्यांना तर हमखास वाटतं.

कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या बॉर्डन इथल्या कचराभूमीवर वॉटर्लू विद्यापीठाच्या लोकांनी सत्तरच्या दशकापासून काम केलं. तिथं खाली वाळूचा जलधर, म्हणजे भूजल धरून ठेवणारा थर आहे. लीचेटची जीभ वाळूतून सावकाश, सलग पसरलेली होती आणि १९८३ च्या लेखातल्या विद्युत सर्वेक्षणांत ती छान दिसली. पाठ्यपुस्तकांत येणारी चित्रं अशा जागांची असतात. आपल्या बेसाल्टमध्ये जिभेसारखा आकार शोधत बसू नये. इथं लीचेट मुरमाच्या जाडीवर आणि भेगांच्या वाटांवर तुटक तुटक सापडतं. पुण्याजवळ उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी १९८० च्या दशकापासून शहराचा कचरा सोसला, विहिरी गमावल्या, रस्त्यावर उतरले. तिथल्या डेपोभोवतीच्या उथळ बेसाल्ट जलधरावर लीचेटचा परिणाम होतोय हे पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० च्या सुमारास विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासून मांडलं. तो अभ्यास उभा राहिला तो विहिरींच्या पाण्यावर, हे लक्षात घ्या.

तेव्हा पहिलं काम विहिरींचं. वाहकता मोजायचा पेनाएवढा मीटर काही हजारांत मिळतो. ग्रामपंचायतीनं तो आजच घ्यावा. डेपोपासून एक किलोमीटरच्या आतली प्रत्येक विहीर, बोअर, हातपंप मोजा, अगदी डेपोच्या वरच्या अंगाच्यासुद्धा. तारीख, वेळ, पाण्याची पातळी आणि वाहकता वहीत लिहा. पातळी पहाटे मोजा, मोटार चालू व्हायच्या आत. तीन विहिरींच्या काठांची उंची एकमेकांशी जोडून घेतली की भूजलाचा उतार कुठल्या दिशेला आहे ते काढता येतं. शाळेतल्या भूमितीचं काम आहे, पण हे न करता लाखांचं सर्वेक्षण केलेलं मी पाहिलंय. आणि उपशाचा हिशेब विसरू नका. एखाद्या विहिरीवर दिवसाचे दहा तास मोटार चालत असेल तर ती विहीर भोवतीचं पाणी आपल्याकडे ओढते, लीचेटसकट. उन्हाळ्यातच पाणी बिघडतं असं तुम्ही लिहिलंय, त्यात हे एक कारण असू शकतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजली जाते. तुमच्या तालुक्यातल्या विहिरींची जुनी मोजमापं मागून घ्या.

महिनाभर एवढं केलंत की सर्वेक्षणाच्या रेषा कुठं घ्यायच्या ते जवळजवळ आपोआप ठरतं.

आता दरपत्रक. त्यातल्या 'दहा चाचण्या' म्हणजे एका जागी खोलवर मोजणाऱ्या उभ्या चाचण्या. त्या चाचणीचं गणित असं धरून चालतं की खालचे थर सपाट आणि आडवे आहेत. बोअरचा पॉइंट द्यायला ते चालतं. पण लीचेट बाजूनं शिरलेलं असतं, इथं आहे आणि वीस मीटरवर नाही. म्हणून तुम्हाला पाहिजे ती बहुइलेक्ट्रोड प्रतिमा, जिला इलेक्ट्रिकल रेझिस्टिव्हिटी टोमोग्राफी म्हणतात. ४८ सळ्या ५-५ मीटरवर लावल्या की २३५ मीटरची रेषा होते. मशीन आपोआप शेकडो जोड्या बदलत मोजत जातं आणि वेनर रचनेत साधारण ४० मीटर खोलीपर्यंतचा उभा काप मिळतो. आपल्या विहिरींची खोली पाहता एवढी खोली पुरते. उथळ मुरमाचा तपशील पाहिजे असेल तर सळ्या ३ किंवा २ मीटरवर घ्या. खोली कमी होईल, पण चित्र नीट येईल. मला विचाराल तर आपल्याकडे ५ मीटरच्या एका लांब रेषेपेक्षा ३ मीटरच्या दोन रेषा जास्त उपयोगी पडतात.

रेषा भूजलाच्या प्रवाहाला आडव्या घ्यायच्या. पहिली रेषा डेपोच्या वरच्या अंगाला, जिथं लीचेट पोचूच शकत नाही, पण माती आणि खडक तोच आहे अशा जागी. कंपन्यांना ही रेषा वायफळ वाटते आणि दरपत्रकातून वगळली जाते. पण तीच तुमची सगळ्यात महत्त्वाची रेषा. स्वच्छ जागी काळी माती किती दाखवते, मुरूम किती दाखवतो, हे तिच्यावरून कळतं. तिच्याशिवाय खालच्या रेषांतल्या निळ्या रंगाला काही अर्थ नाही. मग डेपोच्या खालच्या कडेपासून ५०-६० मीटरवर एक, बिघडलेल्या विहिरींना लागून एक, आणि त्यांच्या पलीकडे, जिथं विहिरी चांगल्या आहेत तिथं एक. जमल्यास डेपोपासून ओढ्यापर्यंत एक उभी रेषा, बाकीच्या रेषांना छेदणारी. दोन रेषा जिथं छेदतात तिथले आकडे जुळले पाहिजेत. नाही जुळले तर त्या दिवसाच्या मोजमापात काहीतरी चुकलंय.

तारेच्या कुंपणाला समांतर, लोखंडी पाइपलाइनवर किंवा वीज वाहिनीखाली रेषा नको. धातू विजेला जवळची वाट देतो आणि पूर्ण काप बिघडतो. कचऱ्याच्या ढिगावर रेषा घ्यायची की नाही हे डेपो कसा आहे त्यावर. तुमच्यासारखा उघडा डेपो असेल तर ढिगाची जाडी आणि आत किती पाणी साचलंय ते कळतं. ढीग आतून कुजण्यानं तापलेला असतो, आणि तापमान एका अंशानं वाढलं की रोधकता साधारण दोन टक्क्यांनी घसरते, हे गणितात धरावं लागतं. ढिगात प्लॅस्टिक आणि वायूच्या पोकळ्या असल्या की मधेच मोठे आकडे येतात, त्यानं गोंधळू नये.

अस्तर घातलेल्या शास्त्रोक्त कचराभूमीची गोष्ट वेगळी. नियमांनुसार तळाशी ९० सेंटिमीटर जाडीचा दाबलेला, पाणी जवळजवळ न सोडणारा मातीचा थर आणि त्यावर १.५ मिलिमीटरचा एचडीपीई प्लॅस्टिकचा पडदा हवा, आणि भूजलाची सर्वांत वरची पातळी त्या थराच्या तळापासून किमान २ मीटर खाली हवी. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही. म्हणून वर सळ्या ठोकून पडद्याखालचं काही दिसत नाही, आणि कुणी दाखवतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका. उलट त्याच गुणाचा उपयोग गळती शोधायला होतो. एक सळी पडद्याच्या आत, एक बाहेर, मध्ये वीज सोडली की ती फक्त भोकातून वाहते आणि भोकाजवळ व्होल्टेज उसळतं. नवीन कचराभूमी बांधताना ही तपासणी करून घ्यायलाच हवी.

प्रत्यक्ष शेतात काय बघायचं तेही सांगतो, कारण सर्वेक्षणाच्या दिवशी तुमच्यापैकी कुणीतरी तिथं हजर असलं पाहिजे. मे महिन्यात मुरमाड माळावर सळी ठोकली की ठण्ण वाजते आणि सहा बोटांवर अडकते. हलवली तर खुळखुळते. अशा सळीचा जमिनीशी संपर्क नसतो. मशीनवर प्रत्येक सळीचा संपर्करोध दिसतो. दोन-तीन हजार ओहमच्या पुढं गेला की कामगारांनी सळीभोवती खळगा करून मीठ घातलेलं पाणी ओतायचं, माती दाबायची, पुन्हा बघायचं. आकडा खाली येतो. ४८ सळ्यांना हे करायला उन्हात दीड-दोन तास जातात, आणि घाईत असलेला चमू नेमकं इथंच अंग चोरतो. तुम्ही तिथं असलात आणि 'सगळ्या सळ्यांचा संपर्क दाखवा' एवढं म्हणालात तरी कामाचा दर्जा बदलतो. काही मोजमापं उलट जोडीनंही घ्यायची असतात, वीज सोडणाऱ्या आणि मोजणाऱ्या सळ्या अदलाबदल करून. उत्तर तेच आलं पाहिजे. किती टक्के फरक पडला ते अहवालात मागा.

मेमध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा, त्याच खुणांवर, त्याच अंतरावर सर्वेक्षण करा. पहिल्या वेळी दोन्ही टोकांना सिमेंटात दगड बसवून रंग द्या. दोन ऋतूंमधला फरक कुठल्याही एका चित्रापेक्षा जास्त बोलतो. काळ्या मातीचं ओलं-सुकं होणं वरच्या दोन-चार मीटरांत दिसतं. त्याखाली मुरमात, भूजलाच्या पातळीच्या खाली, पावसाळ्यानंतर कमी रोधकतेचा पट्टा डेपोकडून पुढं सरकलेला दिसला, आणि वरच्या अंगाच्या रेषेवर तसं काही नसलं, तर ते गंभीर आहे. मातीचा थर जागचा हलत नाही.

अहवाल हाती आल्यावर आधी रंगांची पट्टी बघा. सगळ्या रेषांना एकच पट्टी आहे का? एका रेषेवर १० ओहम-मीटर निळं आणि दुसऱ्या रेषेवर ४० निळं असेल तर चित्रं शेजारी ठेवून काहीच कळत नाही. पट्टी बदलून हवं ते निळं करता येतं. मग मोजलेले आणि संगणकानं काढलेले आकडे किती जुळतात ती चुकीची टक्केवारी बघा. पाच ते दहा टक्क्यांच्या आत ठीक. वीस असेल तर चित्र सोडून द्या. पण फार कमी म्हणजे फार खरं असंही नाही. कच्चे आकडे फाइलमध्ये मागून घ्या, तुमचे पैसे आहेत, तुमचा हक्क आहे. खोलीबरोबर चित्र धूसर होत जातं, म्हणून तळाच्या भागावर कुणी ठाम विधान केलं असेल तर त्याचा आधार विचारा.

आणि एक मर्यादा अशी आहे की कितीही चांगली मशीन ती ओलांडू शकत नाही. वर-खाली कठीण थर आणि मधे विजेला सोपा पातळ थर असेल तर ५ मीटर जाडीचा ५ ओहम-मीटरचा थर आणि १० मीटर जाडीचा १० ओहम-मीटरचा थर जवळजवळ तेच मोजमाप देतात. जाडीला रोधकतेनं भागलं की दोन्हीकडे उत्तर १ येतं, आणि मशीनला ते उत्तरच दिसतं. म्हणजे पातळ थरात फार घाण पाणी आहे की जाड थरात थोडं बिघडलेलं, हे वरून ठरवता येत नाही. तुमच्या पिण्याच्या पाण्यासाठी मात्र त्या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बोअरशिवाय गत्यंतर नाही ते इथं.

काही जण त्याच मशीननं प्रेरित ध्रुवीकरण, म्हणजे आयपी मोजतात. प्रवाह बंद केल्यावर जमीन काही क्षण विद्युत भार धरून ठेवते, ते त्यात मोजतात. चिकणमाती आणि खारं पाणी वेगळं ओळखायला ते मदत करतं, आणि काळ्या मातीच्या मुलखात मी ते मागतोच. पण एकट्या आयपीवरही निकाल देऊ नका.

किनाऱ्यावर हे सगळं आणखी अवघड. मुंबईतलं देवनार १९२७ पासूनचं, ठाण्याच्या खाडीला लागून. समुद्राच्या पाण्याची रोधकता ०.२ ओहम-मीटरच्या आसपास असते, लीचेटपेक्षाही कमी. तिथं निळ्या रंगाला काही किंमतच उरत नाही, पाण्याचं रसायनच बोलतं. गोव्यात आणि तळकोकणात वर जांभा असतो. कोरडा जांभा हजारांत आकडे देतो आणि खाली शेडीची मऊ माती एकदम थोड्यावर येते. जांभ्यातल्या पोकळ्यांतून लीचेट झपाट्यानं उतरतं आणि शेडीच्या माथ्यावरून झऱ्याला निघतं. तिथं सर्वेक्षणाआधी डोंगराच्या पायथ्याचे झरे मोजावेत.

आता सुनावणी. राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करता येते, आणि दोन्हीकडे प्रश्न एकच येतो. हे डेपोचंच पाणी कशावरून? त्याला नुसतं रेझिस्टिव्हिटीचं चित्र पुरत नाही. चित्रात जिथं सगळ्यात कमी रोधकता आहे, आणि जिथं शंका नाही पण माती तीच आहे, अशा किमान दोन जागी निरीक्षण बोअर घ्या. बोअरमधून निघणारी माती दर मीटरला पिशवीत भरून नाव लिहून ठेवा. मग डेपोच्या पायथ्याचं लीचेट, दोन्ही बोअर, बिघडलेल्या विहिरी आणि वरच्या अंगाची चांगली विहीर यांचे नमुने एकाच दिवशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. क्लोराइड, अमोनिया, नायट्रेट, सोडियम, पोटॅशियम, लोह, मँगनीज आणि सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, एवढं तपासायला सांगा. क्लोराइड मातीत अडकत नाही, म्हणून ते सगळ्यात पुढं पोचतं. अमोनिया, पोटॅशियम, लोह, मँगनीज वाढलेले आणि नायट्रेट मात्र फारसं नाही, असं दिसलं तर ते रासायनिक खताचं पाणी नव्हे, प्राणवायू संपलेल्या कचऱ्यातून आलेलं पाणी असण्याची शक्यता मोठी. तुमच्या हंड्यातली तांबूस साय म्हणजे बहुधा हवा लागून पाण्यातून वेगळं झालेलं लोखंड. ती खूण मला महत्त्वाची वाटते. शोषखड्डे आणि गोठे कुठं आहेत तेही नकाशावर दाखवा, म्हणजे समोरच्यानं विचारायच्या आत उत्तर तयार असेल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, नायट्रेटची ४५, एकूण विरघळलेल्या क्षारांची ५००. तुमचे आकडे त्यांच्या शेजारी ठेवा.

विहिरींची वही, वरच्या अंगाच्या रेषेसह दोन ऋतूंचे काप, त्यावर घेतलेले बोअर आणि एकाच दिवसाचे नमुने, एवढं एकत्र ठेवलंत की ते मोडणं सोपं नाही. कंपनीला हेच लिहून द्या आणि सुधारित दरपत्रक मागा. पैसे कमी पडत असतील तर रेषा दोन करा, पण वरच्या अंगाची त्यातली एक असू द्या, आणि बोअर कापू नका.

एक काम मात्र आजच करा. त्या दोन विहिरींत गाळ काढायला किंवा मोटार बसवायला कुणालाही उतरू देऊ नका. कुजणाऱ्या कचऱ्याचा मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड मुरमाच्या भेगांतून सरकत येऊन विहिरीत साचू शकतो, आणि खाली गेलेल्या माणसाला कळायच्या आत शुद्ध हरपते. त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. विहिरीवर पाटी लावा, काठावरचे दोर आणि शिडी काढून ठेवा, आणि जनावरांना त्या पाण्यावर नेणं थांबवा.